नाना ढोल्यांची शिशाची फौज

रविवार, १४ मे १९६७. सकाळी साडेआठ. स्थळ : अमरावती, राजापेठेतली नाना ढोल्यांची पुढची खोली.

हजर : नानांची धाकटी बहीण शांताबाई, कंपाउंडर बबनराव इंगळे, कॉलेजात इतिहास शिकवणारे एक प्राध्यापक आणि त्यांच्यासोबत खोकी उचलायला आलेला शिपाई, आणि मी, वामन राऊत, जमीन मोजणीच्या कचेरीतला हेडक्लार्क. गैरहजर : कय्यूम मास्तर. त्यांना दोन वेळा निरोप धाडला होता.

काम : नानांनी अठरा-एकोणीस वर्षांत ओतलेले शिशाचे शिपाई मोजून कॉलेजच्या ताब्यात देणे. मोजणी दुपारी एकला संपली. पायदळ तीनशे बारा, घोडेस्वार एकशे सेहेचाळीस, हत्ती अकरा, तोफा सतरा, वेताळाची फौज अठ्ठ्याण्णव. एकूण पाचशे चौऱ्याऐंशी. सगळे बोटभर उंचीचे, हत्ती तेवढे मुठीएवढे.

प्राध्यापक एकेक शिपाई उजेडात धरून पाहत होते. पागोट्याचे पेच, अंगरख्याची नाडी, ढालीवरची फुलं, सगळं जागच्या जागी. त्यांनी विचारलं, "माणूस कसा होता हो हा?"

शांताबाई आत चहा टाकत होत्या. बबनरावांनी आधी तिकडे पाहिलं, मग आवाज खाली आणून म्हणाले, "हरामी होता, साहेब." मग त्यांनी भर घातली, "पण हात सोन्याचा होता."

पहिलं वाक्य पूर्ण खरं आहे. दुसरं अर्धंच. प्राध्यापकांना तेव्हा एवढंच उत्तर मिळालं. उरलेलं इथे लिहून ठेवतो.

नाना आमच्या कचेरीत नकाशे काढायचे. शेतांच्या बांधांचे, गावांच्या शिवांचे. अंगानं काटकुळे, मान पुढे काढलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. सदऱ्याच्या खिशात सहा इंची पट्टी कायम. बोलता बोलता ती काढून समोरच्या वस्तूचं माप घ्यायचे. कपाचं, पानाच्या डब्याचं, एकदा साहेबांच्या टेबलावरच्या घंटीचं. वस्तूचं माप घेतलं तर कोणी घाबरत नसे. पण पट्टी खिशात ठेवून ते माणसाच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहू लागले, की तो माणूस विषय बदलायचा. कारण त्या नजरेचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. महिन्याभरात त्याचं तोंड बोटभर शिपायाच्या धडावर बसणार आणि ते कोणत्या फौजेत बसेल ते नाना ठरवणार.

हा नाद त्यांना लागला सत्तेचाळीस साली. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला. लोकांनी आरामखुर्च्या घेतल्या, कंदील घेतले. नानांनी एक खोकं घेतलं. त्यात शिशाचे चिलखती स्वार होते, कोणाचा हात तुटलेला, कोणाच्या घोड्याला तीनच पाय. ते दुरुस्त करता करता नाना साचा करायला शिकले आणि शिकून झाल्यावर त्या साहेबी स्वारांना त्यांनी पळीत घालून वितळवलं. "लोखंडाचे डबे घालून बसले लेकाचे," ते म्हणाले, "चेहरा दिसत नाही त लढाई कायची?"

पुढे शिसं छापखान्यातून यायचं, छपाईच्या झिजलेल्या खिळ्यांचं. प्लास्टर दाताच्या दवाखान्यातून. साच्याला आतून काजळी धरायची म्हणजे शिसं चिकटत नाही, ओतल्यावर दहापर्यंत मोजायचं, मग उघडायचं. खोलीतल्या मोठ्या टेबलावर त्यांनी गाविलगडचा डोंगर उठवला होता, कचेरीतल्या नकाशांवरून, ओढ्यानाल्यांसह. त्या डोंगरावर दर रविवारी सकाळी नऊ ते बारा लढाई. एका बाजूला अचलपूरची इमादशाही, म्हणजे आपला वऱ्हाड. दुसऱ्या बाजूला अहमदनगरची निजामशाही. सहा कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या पडतील तितकी पावलं किंवा तितके वार. मेलेला शिपाई डब्यात. वऱ्हाड नेहमी नानांकडे. निजामशाही बबनराव आणि कय्यूम मास्तर मिळून चालवत. कोण मेला, कोण उरला, ही यादी माझ्याकडे.

वऱ्हाड हरू लागला की नाना खिडकीचा पडदा ओढायचे आणि म्हणायचे, "रात्र झाली." रात्र झाली की वेताळाची फौज निघे. उलट्या पायांची भुतं, काखेत स्वतःचं मुंडकं धरलेली, पोटातून हात निघालेली, एक तर नुसता जबडाच. त्यांना मारायला सहाच्या सहा कवड्या उताण्या लागत. कय्यूम मास्तर इतिहासाला उर्दूत तारीख म्हणत. ते हात जोडून विचारत, "नाना, तारीख में वेताल कहाँ लिखा है?" नाना म्हणत, "तुमच्या तारखेत आमी हारलो हे लिहिलं आहे ना? मंग. ते तुमची तारीख, हे मायी."

इथपर्यंत गमतीचं आहे. यापुढे फारसं नाही.

बबनरावांच्या मानेवर कोडाचा डाग होता, रुपयाएवढा. ते बारा महिने मफलर गुंडाळत, मे महिन्यातही. आम्हाला ठाऊक होतं आणि आम्ही कधी विषय काढला नव्हता. एका रविवारी नानांचा नवा हत्ती पाहून बबनराव हसले. "नाना, हा हत्ती व्हय का सोंड लावलेली म्हैस?" सगळे हसलो. नानाही हसले. महिन्याभरानं वेताळाच्या फौजेत नवं भूत आलं. बबनरावांचं हुबेहूब तोंड, उघडी मान आणि मानेवर पांढरा ठिपका.

बबनरावांनी ते पाहिलं, मफलर नीट केला. तेवढ्यावर राहिलं असतं. पण त्याच दिवसांत त्यांच्या मुलीला पाहायला मंडळी आली आणि गावात पाहण्यासारखं म्हणून त्यांना कोणी तरी नानांकडे घेऊन आलं. नानांनी सगळी फौज दाखवली, चहा पाजला, आणि ते भूत त्यांच्या तळहातावर ठेवलं. "हे वळखलं काय? तुमचे व्हणारे व्याही."

स्थळ फिरलं. मुलीचं लग्न पुढच्या वर्षी परतवाड्याला झालं, चांगलं झालं. बबनराव तीन महिने आले नाहीत. चौथ्या महिन्यात आले, निजामशाहीच्या बाजूला उभे राहिले आणि कवड्या उचलल्या. मी नंतर विचारलं, का आलात? म्हणाले, "रविवारी घरात बसून काय करू? भूत त तिथं हायेच. मी आलो नाही तरी ते हाये."

कय्यूम मास्तर उर्दू शाळेत शिकवायचे, मूळचे अचलपूरचे. सौम्य माणूस. त्यांच्या वडिलांचा एकच फोटो होता, कोपरे झडलेला. मास्तरांनी तो नानांपुढे ठेवला आणि चाचरत म्हणाले, "अब्बा को घोडे का बडा शौक था. कभी ले नहीं सके. आप अगर... घोडे पर..."

नानांनी तो स्वार दीड महिना केला. मी तसा स्वार पुन्हा पाहिला नाही. दाढीचा एकेक केस वेगळा होता. डोळ्यांत थोडं हसू, थोडा संकोच, फोटोत होता तसाच. मास्तरांनी पाहिलं आणि त्यांचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला. त्यांना वाटलं, आता हा घरी न्यायचा. नानांनी स्वार टेबलावर ठेवला, वऱ्हाडच्या पहिल्या रांगेत, निजामशाहीच्या तोफेसमोर. "फौजेतला शिपाई घरी जात नाही, मास्तर. चाल तुमची आहे."

मास्तरांना चाल करावी लागली. कवड्या त्यांच्याच हातात होत्या. पाच उताण्या पडल्या. नानांनी अब्बांना उचलून डब्यात टाकलं.

मास्तर डब्याकडे पाहून म्हणाले, "नाना, एक ही बाप था. दुबारा मर गया, और वो भी मेरे हाथ से."

"पुढच्या रविवारी पुन्हा उभा राहीन ना," नाना म्हणाले. "असा बाप कोणाले भेटते?"

आणि खरंच, मास्तर दर रविवारी येत. लढाई मांडताना तो स्वार डब्यातून बाहेर निघे, तेवढं पाहायला येत.

आता सोन्याच्या हाताबद्दल. नाना ओतायचे, घासायचे, अंगरखे रंगवायचे. डोळे शांताबाई रंगवायच्या. चौपन्न साली नानांना विषमज्वर झाला, त्यातून उठल्यावर बोटांत बारीक कंप राहिला. कचेरीत मोठे नकाशे दुसऱ्याकडे गेले. कोणी कारण विचारलं नाही, विचारण्याची छाती नव्हती. त्याआधीही चेहऱ्याचं बारीक काम शांताबाईच करत, विषमज्वरानंतर सगळंच त्यांच्याकडे आलं.

शांताबाईंचं लग्न धामणगावला झालं होतं. दुसऱ्या वर्षी नवरा गेला, सासरच्यांनी माहेरी पाठवलं. वय तेव्हा बावीस. लग्नाआधी इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा पास झालेल्या. त्या खिडकीशी बसायच्या. रिकाम्या दोऱ्याच्या रिळावर मेणानं शिपाई उभा करायचा, डाव्या हातात रिळ, उजव्या हातात खारीच्या शेपटीच्या तीन केसांचा कुंचला. आधी पांढरा, मग काळा ठिपका, मग त्या काळ्यावर सुईच्या टोकाएवढी चमक. चमक ठेवताना श्वास धरायचा. तो श्वास सुटला की खोलीत आणखी एक माणूस हजर झाल्यासारखं वाटायचं.

कोणी कौतुक केलं की नाना म्हणत, "डोया झाला म्हणजे शिपाई झाला." कोणाचा हात हे सांगत नसत. आम्हीही सांगत नव्हतो. आणि शांताबाईंना उद्देशून दिवसभर चाले : "शांते, भात लागला. शांते, तुया नवऱ्यानं मरायची घाई केली, मले वाटते तुया हातचं खाल्लं असन." हे ते पाहुण्यांसमोर म्हणत. शांताबाई खाली पाहून पदर सारखा करत आणि कुंचला धुवायला घेत.

अठ्ठावन्नच्या एप्रिलमध्ये गल्लीत एक लग्न होतं. त्याला अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस आल्या होत्या. त्या नानांची फौज पाहायला आल्या आणि नेमक्या खिडकीशी शांताबाईंच्या हातात रिळ होतं. बाई दहा मिनिटं मागे उभ्या राहून पाहत होत्या. आठ दिवसांनी पत्र आलं. ड्रॉइंगची जागा जूनपासून रिकामी होते आहे. कमिटीपुढे मुलाखतीला या. स्वतः केलेल्या कामाचे नमुने आणा. निवड झाल्यास शाळेच्या आवारात राहायला खोली.

नानांनी ते पत्र रविवारी सगळ्यांपुढे मोठ्यानं वाचलं. "खोली" शब्दाशी थांबले. "खोली देऊन राहिले म्हणे. मंग? जात व्हय काय?"

शांताबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. "जाऊन पाह्यतो म्हटलं, नाना."

"जाय ना! कोणं धरून ठेवलं तुले? बाराजण घेऊन जाय चांगले पाहून. शिपाई माये आहेत, पण डोये त तुयेच आहेत." हे त्यांनी पहिल्यांदा बोलून दाखवलं. कय्यूम मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. बबनरावांनी मफलर सैल केला. आम्हाला सर्वांना वाटलं, म्हातारा सुधारला.

शांताबाईंनी बारा निवडले. त्यात कय्यूम मास्तरांचे अब्बा होते. त्या चेहऱ्याला तोड नव्हती. मास्तर म्हणाले, "ले जाओ बेटी, अब्बा को भी अकोला दिखाओ." बाराही जणांना शांताबाईंनी वार्निशचा एक हात दिला, मुलाखतीच्या आठ दिवस आधी.

इथे नानांच्या कामाचा एक नियम सांगायला हवा. वार्निश दिल्यावर एकवीस दिवस शिपाई हलवायचा नाही. हलवलाच तर जुन्या वर्तमानपत्राच्या कागदात, हातानं चुरगाळून मऊ केलेल्या. कापसात कधीही नाही. सुरुवातीच्या काळात नानांनी सहा शिपाई धामणगावच्या एका कापसाच्या जिनवाल्याकडे कापसात बांधून पाठवले होते. आपल्याकडे बांधाबांध करायची म्हणजे आधी कापूस हाताशी येतो. वार्निश ओलसर होतं. तिथे डबा उघडला तर सहाही जण पांढऱ्या दाढीचे. कापूस वार्निशात रुतला की निघत नाही. काढायला गेलं की रंग सोलून येतो. तेव्हापासून नानांच्या खोलीत वातीपुरतासुद्धा कापूस ठेवत नसत.

मुलाखतीच्या आदल्या रविवारी मात्र नाना म्हणाले, "मुर्तिजापूरच्या पुढं रस्ता खराब आहे. कागदात घातले त नाकं घासतीन. वाळले असतीन त कापसातच घालू. वाळले ना, शांते?"

"वाळले, नाना. आठ दिवस होत आले, ऊनही चांगलं हाये. बोट लावून पाहिलं मी."

"पाहा बरं. तूच म्हणून राहिली."

मुलाखत मंगळवारी होती. मला त्याच दिवशी कचेरीच्या कामानं अकोल्याला जायचं होतं, म्हणून शांताबाईंना सोबत नेण्याचं माझ्याकडे आलं. सोमवारी दुपारी मी बसची वेळ सांगायला गेलो. शांताबाई मैत्रिणीकडे चांगलं लुगडं मागायला गेल्या होत्या. नाना टेबलाशी बसले होते. वार्निशची बाटली उघडी होती. बाराही शिपाई रांगेत उभे होते आणि चकाकत होते. नाना मोठ्या ब्रशनं, कापऱ्या हातानं, त्यांना वार्निशचा आणखी एक जाड हात देत होते. शेजारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि सरकी काढलेला पांढराशुभ्र कापूस.

मी म्हणालो, "नाना, हे ओलं आहे."

"माहीत आहे."

"कापूस चिकटेल."

नानांनी ब्रश खाली ठेवला आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. टक लावून. "वामन, तुयं तोंड गोल आहे. आपल्या वेताळात गोल तोंडाचं भूत एकही नाही, ध्यानात आलं काय कधी?" मग पहिला शिपाई उचलून त्यांनी कापसात दाबला, हळुवार, मूल दुपट्यात गुंडाळावं तसा. "ते गेली त डोये कोण रंगवीन? तू?"

बाराही जण गुंडाळून होईपर्यंत मी उभा होतो. नानांनी डबा सुतळीनं बांधला, वर गाठीला लाख लावली. शांताबाई लुगडं घेऊन आल्या. "आता उघडू नको," नाना त्यांना म्हणाले, "धूळ बसते. तिथंच कमिटीसमोर उघड. रुबाब दिसते." शांताबाई त्यांच्या पाया पडल्या.

मंगळवारी सकाळी सहाची बस. शांताबाईंनी डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. बडनेरा गेल्यावर त्या बोलू लागल्या. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. खोलीला खिडकी असेल का, कोणत्या दिशेला असेल. उत्तरेची असली तर उजेड चांगला. मुलींना आधी काय शिकवायचं. फुलदाणी नाही, सगळे फुलदाणीच शिकवतात, आधी एकमेकींचे चेहरे. "वामनभाऊ, माह्या नावाचं कुलूप असन दाराले," त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. मुर्तिजापूरला बस वीस मिनिटं थांबली. आम्ही उसाचा रस घेतला. डबा बाकावर होता. सुतळी कापून कापूस तिथंच काढला असता तर निम्मे तरी वाचले असते. हे मला तेव्हाही कळत होतं. मी रसाचे ग्लास परत देऊन आलो आणि म्हणालो, चला, बस सुटेल.

शाळेत मी व्हरांड्यात बसलो. दार उघडं होतं. आत कमिटीचे तिघं आणि हेडमिस्ट्रेस. गाठीची लाख फुटल्याचा आवाज आला. मग कोणी तरी पुरुष हसला. "हे काय हो बाई, सगळी फौज म्हातारी होऊन आली अकोल्याला!" दुसरा म्हणाला, "वऱ्हाडचा कापूस! नाकातोंडात गेला." शांताबाईंचा आवाज आला, "थांबा, मी काढतो, निघते हे, थांबा." त्या नखांनी कापूस काढत असणार. मग हेडमिस्ट्रेस म्हणाल्या, "राहू द्या. राहू द्या बाई, डोळेच निघून येताहेत." त्या मृदूपणे म्हणाल्या, पण पुढचं वाक्य कामाचं होतं : "मुलींचं सामान सांभाळायचं असतं, शांताबाई. नीटनेटकेपणा पहिला."

परतीच्या बसमध्ये डबा पायांशी होता. त्या एवढंच म्हणाल्या, "उन्हानं वार्निश सुटलं. आठच दिवस झाले होते. मलेच घाई झाली." मी खिडकीबाहेर पाहत होतो.

घरी नानांनी डबा उघडला, आत पाहिलं आणि झाकण लावलं. आम्ही सगळे टोमण्याची वाट पाहत होतो. भात लागला तर आठवडाभर बोलणारा माणूस. पण ते म्हणाले, "होते असं, शांते. रंगच तो. जाऊ दे." त्यानंतर आठ वर्षांत त्या मुलाखतीबद्दल ते तिला एक वाक्य वाकडं बोलले नाहीत.

पुढच्या रविवारी त्यांनी शेगडी पेटवली आणि बाराही जणांना पळीत टाकलं. कापूस आधी जळला, फुर्र करून. रंगाला फोड आले. कय्यूम मास्तर खुर्चीवरून उठले. "नाना, ये एक मुझे दे दो. जैसा भी है." नानांनी चिमट्यानं तो स्वार बाजूला काढल्यासारखं केलं, उलटसुलट पाहिला, आणि पुन्हा पळीत सोडला. "खराब माल बाहेर गेला त नाव आपलं जाते, मास्तर." घोडा आधी वाकला, मग स्वार. मास्तरांनी टोपी उचलली आणि गेले. त्यानंतर ते त्या घरात आले नाहीत.

फौज मात्र वाढत राहिली. शांताबाई आता चूक होऊ नये म्हणून प्रत्येक शिपाई महिनाभर काचेखाली वाळवत. खिडकीशी बसत, श्वास धरत, चमक ठेवत. पाचशे चौऱ्याऐंशीपैकी दोनशेच्या वर जणांचे डोळे त्या आठ वर्षांतले आहेत.

नाना गेले सहासष्टच्या डिसेंबरात, सरकारी दवाखान्यात. आदल्या दिवशी मी भेटायला गेलो होतो. अंगावर मांस उरलं नव्हतं, पट्टी मात्र उशीखाली होती. शांताबाई पाणी आणायला गेल्या तसे नाना म्हणाले, "सांगतलं काय तिले?"

मला विषय विचारावा लागला नाही. "नाही," मी म्हणालो.

"मले वाटलंच होतं. पयल्या वर्षी मी वाट पाह्यली, आता सांगीन, आता सांगीन. मंग समजलं, हा काही सांगत नाही. यादी करीन फक्त."

"तुम्हीच सांगा आता. आता काय उरलंय?"

"मी काहून सांगू?" आवाज बारीक होता, पण धार तीच. "मले अजून तिच्या हातचं पाणी प्यायचं आहे."

शांताबाई तांब्या घेऊन आल्या. त्यांनी एका हातानं नानांची मान उचलली आणि चमच्यानं पाणी पाजलं. नाना प्याले. चमच्याच्या वरून ते माझ्याकडे पाहत होते, आणि पाणी गिळून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहून एक डोळा मिचकावला. मी पाहिलेले नाना इथे संपले.

शांताबाई आता मूर्तिकारांकडची आखणी करतात. गणपतीच्या दिवसांत गाडीभर मूर्ती त्यांच्या ओसरीवर येतात, नुसते डोळे राहिलेल्या. मोजणीला आता तीन महिने झाले. परवा मी गेलो तेव्हा ओळीनं मांडलेल्या मूर्तींमध्ये त्या बसल्या होत्या. हातातली झाली तसा श्वास सोडून म्हणाल्या, "वामनभाऊ, नाना तोंडाचे वाईट होते, मले माहीत हाये. पण अकोल्याचं एवढं नुकसान केलं मी, त्यांचे बारा शिपाई गेले, तरी एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या कोणं असं पोटात घातलं नसतं. ते आठवलं की बाकीचं मी सोडून देतो."

मी कॉलेजची पावती काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"आठ दिवस कमीच पडले, नाही?" त्यांनी विचारलं.

"ऊनही फार होतं," मी म्हणालो.

त्यांच्याकडे जाताना चिठ्ठीवर तीन कामं लिहून नेली होती : रेशनकार्डाचा अर्ज पोचवणे, कॉलेजकडून उशिरा आलेली पावती त्यांच्या हवाली करणे, त्यांना खरं सांगणे. दोन झाली.